रस्ता : हक्काचा आणि आरोग्याचा

स्मरणिकेत शिक्षणावर, संस्कारांवर आणि संस्थेच्या वाटचालीवर लिहिण्याचा प्रघात आहे. ‘वाटचाल’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यात वाट आहे आणि चालही आहे, हे ध्यानातही येत नाही. या लेखात आम्ही त्या शब्दाचा मूळ अर्थच विचारात घेणार आहोत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शहरांत माणसाला चालायला वाट उरली आहे काय, आणि उरली नसेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. जेथे पिण्याचे पाणी, कापूस-सोयाबीनचा भाव आणि तरुणांची बेकारी हे रोजचे प्रश्न आहेत, तेथे पदपथाची चर्चा म्हणजे मोठ्या शहरांची चैन, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजाचा इतिहास आपण सांगतो, त्या समाजाला तरी रस्ता किरकोळ वाटता कामा नये.

पेशवाईत अस्पृश्यांना सार्वजनिक रस्ता कसा बंद होता, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात करून ठेवली आहे. सावली पडू नये, थुंकी जमिनीवर पडू नये, उमटलेले पाऊलही पुसले जावे, अशी ती व्यवस्था होती. १९२४ साली केरळातील वायकोम येथे जो सत्याग्रह सुरू झाला, तो मंदिरात जाण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढ्यासाठी होता. महाडचा संगर पाण्याचा, पण २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी हजारो माणसे गावातील रस्त्यांवरूनच मिरवणुकीने चालत गेली होती. पुढे संविधान झाले, तेव्हा पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या पंक्तीला रस्तेही घातले गेले. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला त्यांच्या वापरापासून रोखता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. तळ्याइतकाच रस्ताही माणुसकीचा प्रश्न आहे, हे संविधानाने जाणले होते.

आजच्या परिस्थितीची त्या अपमानाशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. ती होऊही शकत नाही. तथापि एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. पूर्वी रस्त्यावरून चालण्यास मज्जाव करणारा माणूस समोर उभा असे आणि त्याच्याशी भांडता येत असे. आताचा मज्जाव रस्त्याच्या आखणीतच बसवलेला आहे. तो कोणाच्या तोंडून उच्चारला जात नाही, म्हणून कोणी त्याविरुद्ध मोर्चाही काढत नाही.

जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी हा मज्जाव पाहता येईल. मुख्य रस्त्याचे काँक्रिटीकरण झालेले असते. मधोमध दुभाजक आणि त्यावर दिव्यांचे खांब असतात. काँक्रीट जेथे संपते तेथे वीतभर खोल कड, पुढे मुरमाची साइडपट्टी, तिच्यावर उभ्या दुचाक्या, त्यापलीकडे कोठे उघडी तर कोठे फरशी खचलेली नाली, आणि नालीवर दुकानांच्या पायऱ्या. पदपथ बांधलाच असेल, तर तो प्रत्येक दुकानापुढे तुटतो. शेवटी पायी जाणारा काँक्रीटवर येतो आणि पाठीमागून येणाऱ्या हॉर्नला वाट देत चालतो. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आताचा ५३, मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून गेला आहे. अशा गावांतील म्हाताऱ्या माणसांना विचारावे, की रस्ता ओलांडण्यासाठी किती वेळ ताटकळावे लागते. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, याचे कौतुक आम्हालाही आहे. पण रुंदीकरणात वाढलेली सारी रुंदी चाकांच्या वाट्याला गेली. पायांच्या वाट्याला पूर्वी जी कड होती, तीही राहिली नाही.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. गावगाड्यात आपली वस्ती गावाबाहेर असे. कालांतराने गाव वाढत जाऊन वस्तीला भिडले, परंतु अनेक ठिकाणी मधोमध वळणरस्ता किंवा महामार्ग आला. भीमनगर किंवा सिद्धार्थनगर रस्त्याच्या एका अंगाला, आणि शाळा, दवाखाना, बाजार दुसऱ्या अंगाला, अशी रचना अनेकांनी पाहिली असेल. तेथील मूल दिवसातून दोनदा तो रस्ता ओलांडते. धुणी-भांडी करणाऱ्या बाया, हमाल, बांधकामावरचे मजूर, दप्तर पाठीवर घेतलेल्या मुली आणि पेन्शनीसाठी बँकेत निघालेले म्हातारे हेच आपल्या शहरांतील खरे पादचारी होत. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशभरात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मरण पावले. म्हणजे दररोज सुमारे नव्वद माणसे. त्यांचा अपराध एवढाच, की ती पायी निघाली होती.

अपघात निदान दिसतो. न दिसणारी हानी याहून मोठी आहे. रस्त्यावर भीती वाटते म्हणून आईबाप मुलाला शाळेत दुचाकीवर सोडतात. त्यामुळे शाळेसमोर दुचाक्यांची गर्दी होते. ती गर्दी पाहून उरलेले आईबापही मुलाला पायी पाठवत नाहीत. मुलगा मोठा झाला की शंभर पावलांवरच्या किराणा दुकानातही गाडी काढून जातो. अशा रीतीने रस्त्याची आखणी घराघरांतील सवय बनते आणि ती सवय पुढे शरीरात उतरते.

शरीराशी तिचा संबंध कसा आहे, याचा एक नामांकित पुरावा इतिहासातच आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध झाला. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये काम करणारे, एकाच वर्गातील लोक. परंतु दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवर बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. व्यायामशाळेत न जाताही कामाच्या ओघात होणारी हालचाल माणसाला जगवते, हा धडा त्यातून मिळाला.

आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवते. दुसरीकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक सांगितली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. ‘शुगर’ आणि ‘बीपी’ हे शब्द आता वस्त्यांमधूनही रोजच्या बोलण्यात आले आहेत. आहार, ताण, व्यसन आणि अनुवंश ही कारणे आहेतच. सारा दोष रस्त्याच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण यांपैकी रस्ता ही एक गोष्ट अशी आहे, की जी ठरावाने बदलता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘रोज अर्धा तास चालणे’ असे लिहिलेले असते. हे औषध कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ते नगरपरिषदेने द्यायचे असते. ते न मिळाल्याने माणसे पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने फिरायला जातात आणि आरोग्यासाठी जीव धोक्यात घालतात.

या ठिकाणी आपल्या समाजाच्या मनातील एक अडचण स्पष्टपणे बोलली पाहिजे. चालण्याशी आपले नाते सरळ नाही. गावकामगार महाराने टपाल घेऊन गावोगाव धावावे, अंमलदाराचे ओझे वाहावे, निरोप सांगत रात्री-अपरात्री पायपीट करावी, ही आपल्या पूर्वजांची रीत नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली वेठ होती. महारवतनाच्या या गुलामीतून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. म्हणूनच ज्याच्या आज्याने आयुष्यभर अनवाणी पायपीट केली, त्याच्या नातवाच्या दारात उभी असलेली मोटारसायकल ही नुसती गाडी नसते. ती मानाची खूण असते. तिला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही.

परंतु वेठीचे चालणे आणि स्वेच्छेचे चालणे यांत गुलाम आणि स्वतंत्र माणूस यांच्यातील अंतर आहे. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला ज्या धम्माच्या स्वाधीन केले, त्यात चालण्याला प्रतिष्ठा आहे. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबच्या प्रवासाची ताकद येते, साधनेच्या परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराशेजारी आजही चंक्रमणाची जागा दाखवली जाते. चालण्यासाठी जागा राखून ठेवली पाहिजे, हा विचार आपल्या परंपरेला परका नाही.

सम्राट अशोकाने तर तो राज्यकारभारात आणला. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व जनावरांच्या चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड आणि रस्त्यांच्या कडेला विहिरी व झाडे ही कामे एकत्र सांगितली आहेत. इतिहास शिकवताना ‘अशोकाने रस्त्याच्या कडेला झाडे लावली’ हे वाक्य मुले पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. त्यात दडलेले धोरण मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. औषधोपचार आणि सावलीचा रस्ता या दोन्ही गोष्टी त्या राजाने एकाच लेखात कोरून ठेवल्या. आपल्याकडे आरोग्य एका खात्याकडे आणि रस्ते दुसऱ्या खात्याकडे गेले, आणि रुंदीकरणासाठी कडेचे कडुनिंब व वड तोडताना आरोग्य खात्याला कोणी विचारले नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, त्या वऱ्हाडात सावलीवाचून पदपथ म्हणजे तापलेला तवा.

मग चालण्याजोगा रस्ता म्हणजे काय? त्यासाठी काही नवे शोधायचे नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना उपलब्ध आहेत. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे त्या सांगतात. उंचीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फूट-दीड फूट उंच पदपथावर गुडघेदुखीची म्हातारी चढत नाही, चाकाची खुर्ची चढत नाही, म्हणून तो रिकामा राहतो. आणि मग ‘लोक पदपथ वापरतच नाहीत’ असे म्हणायला आपण मोकळे होतो. दुसरी गोष्ट वेगाची. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘वाहने सावकाश हाका’ या फलकाने वेग कमी होत नाही, कारण रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता चालकाला दुसरेच काही सांगत असतो. शाळा, बाजार आणि वस्ती यांच्याजवळ रस्ता अरुंद करणे, ओलांडण्याची जागा उंच करणे आणि दुभाजकात थांबायला आसरा ठेवणे, हे उपाय वेगाला खरोखर आवर घालतात. तिसरी गोष्ट प्रकाशाची. आपले पथदिवे दुभाजकावर लागतात. उजेड गाड्यांच्या वाट्याला येतो आणि कडा अंधारात राहतात. शिकवणीहून संध्याकाळी परतणारी मुलगी त्या कडेनेच चालत असते. शासनाने मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या, हे फार चांगले झाले; त्या सायकलींना रस्ता द्यायचा मात्र राहून गेला.

पदपथ मोकळे करण्याचा विषय निघाला की पहिला घाव हातगाडीवाल्यावर पडतो. भाजी विकणारी बाई, चपला शिवणारा कारागीर, केळीची गाडी लावणारा तरुण हे आपलेच लोक आहेत. त्यांना हुसकावून मिळालेला पदपथ आम्हाला नको. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिले असून, शहर विक्रय समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधूनच निवडलेले असावेत, असे म्हटले आहे. जागा आखून दिली तर विक्रेता आणि पादचारी एकमेकांचे वैरी राहत नाहीत. विक्रेत्याचे गिऱ्हाईक पायी चालणारेच असते. खरी जागा अडते ती उभ्या वाहनांनी आणि दुकानांच्या वाढीव शेडांनी. परंतु कारवाई हातगाडीवर होते, कारण ती ढकलता येते.

गर्दीच्या रस्त्यावर हे जमणार नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी दादर आठवावे. ६ डिसेंबरला लक्षावधी माणसे स्थानकातून चैत्यभूमीकडे पायी जातात. त्या दिवशी मुंबईसारखे शहर वाहतूक वळवते, पाण्याची व दिव्यांची सोय करते आणि रस्ता चालणाऱ्यांच्या स्वाधीन करते. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी सकाळी प्रमुख रस्ते गाड्यांना बंद ठेवून माणसांना चालायला-खेळायला दिले जातात. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाके व झाडांची सावली यांची सांगड घातली. आपल्या चिखली, मेहकर, देऊळगाव राजासारख्या गावांत तर हे अधिक सोपे आहे. येथे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अर्ध्या-पाऊण तासात पायी जाता येते. मोठ्या शहरांनी गमावलेले हे अंतर अद्याप आपल्या हाती आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले आणि हे पदपथ दिव्यांगांनाही वापरता येण्याजोगे असले पाहिजेत, असे सांगितले. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत रस्ते आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही एकाच यादीत आहेत. पंधराव्या अनुच्छेदाने रस्ता सर्वांसाठी खुला केला. एकविसाव्याने तो जगण्याशी जोडला. आता तो प्रत्यक्ष जमिनीवर उतरवणे हे नागरिकांचे काम आहे.

या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज बांधकाम खात्यात अभियंते आहेत, नगरपरिषदांत कर्मचारी आणि सदस्य आहेत, वकील, डॉक्टर आणि शिक्षक आहेत. त्यांना आमची विनंती मोठी नाही. आपापल्या गावी शाळेपासून अर्धा किलोमीटरचा रस्ता मोजपट्टी घेऊन पायी तपासावा. पदपथ किती आहे, किती उंच आहे, कोठे तुटतो, नाली कोठे उघडी आहे, दिवा कोठे नाही, रस्ता ओलांडण्याची जागा कोठे हवी, हे लिहून काढावे. सोबत एक शाळकरी मूल, एक वृद्ध आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी, कारण त्यांना जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. तो कागद मुख्याधिकाऱ्यांकडे आणि प्रभागाच्या सदस्याकडे द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा विचारावे. वस्ती सुधारणेच्या निधीतून रस्ता होणार असेल, तर काँक्रीट ओतण्याआधी त्याचा नकाशा पाहण्यास मागावा. जयंतीच्या मिरवणुकीसाठी ज्या शिस्तीने आपली मंडळे रस्ता मोकळा करतात, त्याच शिस्तीने वर्षातील उरलेल्या दिवसांचाही विचार त्यांनी करावा.

आपल्या पूर्वजांनी रस्त्यावरून चालण्याचा हक्क मागितला, तेव्हा त्यांना समोरून लाठी आली. आपल्याला तो मागण्यासाठी अर्ज, मोजपट्टी आणि थोडी चिकाटी पुरणार आहे. एवढ्यासाठीही आपण उठलो नाही, तर महाडचा इतिहास आपण मुलांना कोणत्या तोंडाने शिकवणार?

जय भीम!